‘ब्रेक लागलाच नाही’: बाइकवरच्या एबीएसचं परीक्षण

अपघातानंतर रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाइकवाल्याला काय झालं म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘ब्रेक लागलाच नाही.’ ‘मी ब्रेक दाबला नाही’ असं कुणी म्हणत नाही. तो खोटंही बोलत नसतो. पण तीच गाडी तासाभरानं मेकॅनिकनं ढकलून पाहिली, तर ब्रेक बहुतेक वेळा शाबूत निघतो. मधल्या दोन सेकंदांत हातापायांनी काहीतरी केलं किंवा करायचं राहिलं, आणि ते आपण केलं असं त्या माणसाला वाटतच नाही. या दोन सेकंदांसाठी बाजारात एक वस्तू मिळते. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी ही अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, म्हणजे आपला एबीएस. शोरूममध्ये तिच्याबद्दल एकच वाक्य ऐकायला मिळतं: ‘गाडी स्लिप होत नाही, सर.’ हे वाक्य अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग माहीत नसेल तर एबीएस असूनही गाडी जाऊन आदळते.

दोन सेकंदांचा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली आलेल्या त्या अहवालानुसार, गडबड सुरू झाल्यापासून धडक बसेपर्यंत चालकाला मिळणारा वेळ साधारणपणे दोन सेकंदांपेक्षा जरा कमीच होता. त्यात सर्रास दिसलेली चूक म्हणजे मागचा ब्रेक जोरात दाबून चाक जाम करणं आणि पुढचा ब्रेक पुरेसा न वापरणं.

आपल्याकडे ही चूक लहानपणापासून शिकवली जाते. सायकलपासून सुरुवात होते: ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा पडशील.’ वडील सांगतात, काका सांगतात, गाडी शिकवणारा मित्र सांगतो. मग संकटाच्या क्षणी उजवा पाय मागच्या ब्रेकच्या पेडलवर उभा राहतो आणि उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर पोचतच नाहीत. याची किंमत मोजून पाहा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. चांगल्या कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर ब्रेक लागायला सुरुवात झाल्यापासून गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. फक्त मागच्या ब्रेकवर तेच अंतर ४५ मीटरच्या आसपास जातं. पहिली गाडी जिथे पूर्ण उभी राहते, तिथे दुसरी अजून ताशी ४५च्या वेगात असते. कारण साधं आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला रस्ता धरता येत नाही, मग ते जाम होऊन घसटत जातं आणि गाडी शेपूट फिरवते.

आता या वस्तूची रचना. प्रत्येक चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, दात किंवा खिडक्या असलेली एक कडी असते, तिला टोन रिंग म्हणतात. तिच्यापासून साधारण एक मिलिमीटरवर सेन्सर बसवलेला असतो. चाक फिरलं की सेन्सरमधून सिग्नल जातात आणि चाकाचा वेग अचानक पडला, तर चाक जाम व्हायच्या बेतात आहे हे कंट्रोल युनिटला कळतं. मग मॉड्युलेटरमधला, म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागातला, एक व्हॉल्व्ह लिव्हरपाशी दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरकडून येणारा दाब अडवतो, दुसरा चाकाची डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरमधला दाब थोडा सोडतो, पंप ऑइल परत ढकलतो, चाक फिरायला लागलं की दाब पुन्हा चढतो. हे सगळं सेकंदाला कित्येक वेळा होतं. लिव्हरवर त्याची थरथर जाणवते, पेडलखाली टकटक होते.

या थरथरीपाशीच माणसाची गडबड होते. समोर रिक्षा आडवी आली, लिव्हर आवळली, आणि लिव्हर उलट हाताला ढकलायला लागली. आधीच घाबरलेल्या माणसाला वाटतं, काहीतरी तुटलं, आणि तो लिव्हर सोडतो. सोडली की गाडी मोकळी. पुन्हा दाबेपर्यंत आठ-दहा मीटर गेलेले असतात. एबीएसनं आपलं काम चोख बजावलेलं असतं, पण ज्याच्या हातासाठी ते केलं त्यानंच हात काढून घेतलेला असतो. चारचाकीतही याचं भावंड दिसतं. मर्सिडीज-बेंझनं नव्वदच्या दशकात बर्लिनमधल्या सिम्युलेटरवर चालकांना अचानक ब्रेक लावायला लावलं, तेव्हा बहुतेकांचा पाय पेडलवर झटकन जातो पण पुरेसा जोर लावत नाही, असं दिसलं. त्यातून १९९६ साली ब्रेक असिस्ट आला: पेडल किती वेगानं दाबलं यावरून गाडी ओळखते की प्रसंग बाका आहे, आणि पूर्ण दाब स्वतः लावते. आपल्या रोजच्या वापरातल्या बाइकवर असं काही नसतं. तिथे एबीएस फक्त जास्तीचा दाब काढून घेतो. कमी पडलेला दाब भरून देत नाही. शोरूममधल्या वाक्यातून गळालेला अर्धा भाग हाच.

भीतीत आपलीच कृती परकी का वाटते, यावर प्रयोगशाळेत काम झालं आहे. लंडनमध्ये मेंदूचे अभ्यासक पॅट्रिक हॅगर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर २५६० मिलिसेकंदांत एक फेरा घेणारा घड्याळाचा काटा, मनाला येईल तेव्हा दाबायचं बटण, आणि त्यानंतर २५० मिलिसेकंदांनी वाजणारा आवाज. बटण केव्हा दाबलं किंवा आवाज केव्हा आला ते काट्यावरून सांगायचं. लोक दाबण्याची वेळ खऱ्यापेक्षा उशिराची सांगतात आणि आवाजाची खऱ्यापेक्षा आधीची. स्वतः केलेली कृती आणि तिचा परिणाम मनात एकमेकांकडे सरकतात. डोक्यावर चुंबकीय झटका देऊन बोट आपोआप हलवलं, तर मात्र ते एकमेकांपासून दूर जातात. २०१९ साली हॅगर्ड यांच्याच गटानं हे काम भीती आणि संतापावर नेलं. मनात भीती किंवा संताप असताना हे जवळ सरकणं कमी झालं, म्हणजे ‘हे मी केलं’ ही जाणीव पातळ झाली. त्यांच्यापुढे प्रश्न कायद्याचा होता, कारण इंग्लंडच्या खुनाच्या खटल्यांत ‘ताबा सुटला’ हा बचाव मांडता येतो. प्रयोगात मोटारसायकल नव्हती. तिथून लिव्हरपर्यंतची दोरी आम्ही बांधतो आहोत: हातानं लिव्हर दाबली आणि त्याचं फळ थरथरीच्या रूपात परत आलं, पण भीतीत ते फळ आपल्या दाबण्याचं वाटत नाही. बाहेरून कुणीतरी धक्का दिल्यासारखं वाटतं. ओळखीची झालेली थरथर मात्र आपलीच वाटते. म्हणून एबीएसची खरी किंमत विकत घेतल्यावर आठ दिवसांत, रिकाम्या मैदानात ठरते.

त्याआधी काय विकत घ्यायचं ते पाहू. भारतात १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९पासून एबीएस बंधनकारक झाला. त्या नियमानुसार त्याखालच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक, म्हणजे सीबीएस चालतो. सीबीएसमध्ये स्कूटरची डावी लिव्हर दाबली की मागच्यासोबत पुढचा ब्रेकही थोडा लागतो. ‘पुढचा मारू नकोस’ या संस्कारावर हा चांगला उतारा आहे, कारण माणूस चुकीची लिव्हर दाबतो तरी पुढचं चाक कामाला लागतं. पण सीबीएस चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. ओल्या पेव्हर ब्लॉकवर डावी लिव्हर जीव खाऊन आवळली तर स्कूटर घसरणारच.

नियमानं ‘एबीएस’ म्हटलं, पण किती चाकांवर ते सांगितलं नाही. तिथून सिंगल चॅनल आला. त्यात सेन्सर आणि दाबाचं नियंत्रण फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक पूर्वीइतकंच जाम होऊ शकतं. कागदावर हे पटण्यासारखं आहे, कारण पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही आणि मागचं घसरलं तर थोडा मिळतो. पण संकटात माणूस काय दाबतो ते आपण वर पाहिलं: पाय. सिंगल चॅनल ज्या चाकाला वाचवतो त्याचा ब्रेक घाबरलेला माणूस लावत नाही, आणि जो लावतो त्या चाकाला वाचवत नाही. वरून आणखी एक धोका. मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी व्हायला लागली की घाबरून पाय झटकन उचलला जातो. चाक पुन्हा रस्ता पकडतं, गाडी झटक्यात सरळ होते आणि चालकाला वर उडवून टाकते. गाडी अजून सरळ रेषेत असेपर्यंत पाय हलका करणं ठीक; ती बरीच तिरकी झाल्यावर एकदम सोडणं हे घसरण्यापेक्षा वाईट.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: एकाच गाडीचे सिंगल आणि ड्युअल चॅनल (दोन्ही चाकांना एबीएस) असे दोन प्रकार मिळत असतील, तर क्रोमच्या पट्ट्या, ब्लूटूथचा डायल आणि एलईडीची माळ सोडून आधी ड्युअल चॅनल घ्या. व्हेरियंटच्या नावावरून कळत नाही. २०२२ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हंटर ३५०च्या स्वस्त प्रकारात मागे ड्रम आणि सिंगल चॅनल होता, वरच्या प्रकारात मागेही डिस्क आणि ड्युअल चॅनल. गाडी तीच, पोस्टरही तेच. मागच्या चाकाच्या हबवर टोन रिंग आणि सेन्सरची वायर आहे का, हे वाकून डोळ्यांनी बघा. तरीही काही सिंगल चॅनल गाड्यांना मागे नुसता सेन्सर असू शकतो, तेव्हा ब्रोशरमधली ओळही वाचा.

मागचा एबीएस बंद करण्याची सोय रॉयल एनफिल्ड हिमालयनसारख्या गाड्यांवर असते. हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीला एबीएसचे रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे मोड आहेत. मुरूम, खडी, लाल मातीचा उतार अशा ठिकाणी या सोयीला अर्थ आहे. सैल खडीवर जाम झालेलं चाक आपल्यापुढे मातीचा ढीग रचून थांबतं. एबीएस चाकाला फिरतं ठेवतो आणि अंतर वाढतं. खडीच्या रस्त्यावर एबीएसवाली गाडी डांबरापेक्षा बरीच उशिरा थांबणार, हे गृहीत धरूनच वेग ठेवावा. डांबर लागलं की मोड परत रोडवर. बऱ्याच गाड्यांत चावी बंद-चालू केली की आपोआप पूर्ण एबीएस येतो, पण डायलवर नजर टाकायची सवय बरी.

वळणावरचा प्रश्न वेगळा. साध्या एबीएसला गाडी किती झुकली आहे हे कळत नाही. चाक जाम होऊ न देणं एवढंच त्याचं काम, आणि झुकलेल्या टायरकडे ब्रेकसाठी उरलेली पकड कमी असते. झुकाव मोजणारा कॉर्नरिंग एबीएस बॉशनं केटीएम ११९० अॅडव्हेंचरच्या २०१४ मॉडेलवर पहिल्यांदा आणला, आणि भारतात २०२०च्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरवर तो तुलनेनं आवाक्यात आला. वरंध, आंबेनळी किंवा चोर्ला घाटात तो हवाहवासा वाटतो हे खरं. मात्र घाटातल्या भीतीचा त्रास ब्रेकच्या आधी डोळ्यांना होतो. नजर समोरच्या एसटीवर किंवा कठड्यावर खिळते, आणि जिथे नजर तिथे गाडी. यावर कुठल्याही एबीएसकडे औषध नाही. वळणात शिरण्याआधी सरळ गाडीवर ब्रेक मारून घेणं आणि वळणाच्या शेवटाकडे बघणं, एवढंच हातात असतं.

आता मैदान. टायरमधली हवा कंपनीच्या स्टिकरइतकी, थंड टायरवर मोजलेली. हातमोजे, जाड जॅकेट, घोट्यापर्यंतचे बूट, हेल्मेट. मागे कुणी बसवायचं नाही. किमान ६० मीटर सरळ, मोकळी डांबरी जागा आणि कडेला मातीचा पट्टा मिळाला तर उत्तम. ड्युअल चॅनल असेल तर आधी फक्त मागचा ब्रेक, आणि तोही मातीवर: ताशी २५-३०, क्लच ओढलेला, पेडल पूर्ण दाबायचं आणि गाडी थांबेपर्यंत पाय उचलायचा नाही. पायाखाली टकटक येईल. दहा वेळा. या दहा वेळांत पायाला ती टकटक ओळखीची होते. सिंगल चॅनलवर हा भाग करू नका, मागचं चाक जाम होईल.

मग डांबरावर, गाडी पूर्ण सरळ, हँडल सरळ, ताशी ३०. दोन किंवा तीन बोटं पुढच्या लिव्हरवर. आधी लिव्हरचं मोकळं अंतर संपवायचं, पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉक अॅब्सॉर्बर, दबून बसला की दाब वाढवत न्यायचा. ‘दाबणं’पेक्षा ‘पिळणं’ हा शब्द जवळचा, लिंबू पिळतो तसं. फोर्क बसायच्या आधीच एकदम आवळलं तर चाकावर वजन यायच्या आत एबीएस मध्ये पडतो आणि काही मीटर फुकट जातात. दहा वेळा ३०वर, दहा ४०वर, मग दोन्ही ब्रेक एकत्र ५०वर. कोरड्या चांगल्या डांबरावर पुढचा एबीएस सहज जागा होत नाही. रस्त्यावर पाणी टाकलं की होतो. थरथर आली की सोडायचं नाही, उलट तेवढाच जोर टिकवायचा. सुरुवातीला बहुतेकांचा हात क्षणभर ढिला पडतोच. पाच-सहा वेळांनंतर तो पडेनासा झाला की समजावं, थरथर आता हाताची झाली.

तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, कोपरं ताठ होतात आणि सगळं अंग हँडलवर जातं, मग हँडल वळवता येत नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली की हात मोकळे राहतात. दोन, ब्रेकची लिव्हर आणि अॅक्सिलरेटर एकाच हातात असल्यामुळे लिव्हर आवळताना मनगट खाली जाऊन रेस वाढते. मनगट किंचित वर ठेवून मूठ आधी बंद करायची सवय लावावी लागते. तीन, क्लच राहून जातो आणि गाडी बंद पडते, जे मैदानात हसण्यावारी जातं पण चौकात मागून ट्रक येत असताना नाही. लिव्हर फार लांब असेल तर लहान हाताच्या चालकाला बोटं पोचवायलाच वेळ जातो. लिव्हरवर आकडे लिहिलेली फिरकी असेल तर ती जवळच्या आकड्यावर आणा. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही.

देखभालीत दोनच गोष्टी महत्त्वाच्या. ब्रेक ऑइल: डॉट ४ या दर्जाचं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शिरलेल्याचा १५५पर्यंत खाली येतो. घाट उतरताना ब्रेक धरूनच राहिलं की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकते. तेव्हाचं ‘ब्रेक लागलाच नाही’ मात्र शब्दशः खरं असतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेत तर नक्कीच, आणि उतारावर चढायच्याच गिअरमध्ये उतरा. दुसरी गोष्ट म्हणजे पंक्चरचं दुकान. चाक काढताना टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, टोन रिंगवर टेकवली की कडी वाकते, सेन्सरची वायर क्लिपमध्ये परत बसवली नाही की चाकाला घासून तुटते. चाक बसवून झाल्यावर गाडी चालवून डायलवरचा एबीएसचा दिवा विझतो का ते पाहूनच पैसे द्या. चावी लावल्यावर दिवा पेटणं आणि ताशी पाच-दहा किलोमीटरच्या वर गेल्यावर विझणं हे बरोबर. विझला नाही तर एबीएस बंद आहे. साधा ब्रेक चालू राहतो, तेव्हा घाबरून गाडी तिथेच सोडायची गरज नाही. मेन स्टँडवर गाडी चालू करून मागचं चाक फिरवलं तरी हा दिवा लागतो, कारण एक चाक पळतंय आणि दुसरं उभं, हे कंट्रोल युनिटला बिघाड वाटतं. गाडी बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडं चालवा, दिवा जातो. न गेल्यास सेन्सरवरचा चिखल पुसा, मग फ्यूज बघा.

अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटारसायकलींच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. त्यांच्या आधीच्या अभ्यासांत हा आकडा याहून मोठा होता. एबीएस निवडून घेणारा माणूस मुळातच सावध असण्याची शक्यता धरली, तरी एका सुट्या भागासाठी हे फार मोठं काम आहे. एवढ्या पैशांत बाइकवर दुसरं काही घेऊन इतका फरक पडत नाही.

जुन्या गाडीला एबीएस बसवून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ऑनलाइन काहीशे रुपयांत ‘एबीएस’ लिहिलेला एक पितळी किंवा अॅल्युमिनियमचा गोळा मिळतो. तो कॅलिपरला ब्रेकची नळी जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या जागी बसतो. आत स्प्रिंग आणि रबर असतं, सेन्सर नाही, कंट्रोल युनिट नाही. तो फक्त ऑइलचा दाब थोडा पचवतो, त्यामुळे लिव्हर मऊ लागते आणि चाक जाम व्हायला किंचित जास्त जोर लागतो. चाक फिरतंय की थांबलंय हे त्याला कळण्याची सोयच नाही. वर एक जास्तीचा जोड आला, म्हणजे ऑइल गळायची एक जागा वाढली. बसवून दिलेला असेल तर काढून टाका, नवे कॉपर वॉशर घाला, नळीतली हवा काढून घ्या आणि लिव्हर पहिल्यासारखी कडक झाली की मगच गाडी रस्त्यावर न्या.